मेंदूतल्या जंतामुळे येणारी फीट आणि माजी सैनिकाचे अपंगत्व पेन्शन

प्रश्न असा आला आहे: "आबा १९९२ मध्ये पायदळात भरती झाले, २०१६ मध्ये हवालदार म्हणून २४ वर्षांची नोकरी करून घरी आले. मणिपूरची पोस्टिंग संपवून पलटण पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीला, आली आणि चार महिन्यांनी, २००९ मध्ये, पीटीच्या वेळी त्यांना पहिली फीट आली. लष्करी रुग्णालयात एमआरआय झाला, मेंदूत जंताची गाठ आहे असे सांगितले. गोळ्या आजही चालू आहेत. निवृत्तीच्या वैद्यकीय बोर्डाने २० टक्के अपंगत्व आयुष्यभरासाठी लिहिले, पण आजाराचा नोकरीशी संबंध नाही म्हणून अपंगत्वाचे पेन्शन नाकारले. आम्ही अपील केले नाही. गावात लोक म्हणतात, हा जंत डुकराचे मांस खाल्ल्याने होतो. आबा माळकरी आहेत. त्या बोलण्यामुळे ते कोणाला आजाराचे नावही सांगत नाहीत. आता काही करता येईल का?"

करता येईल. पण पेन्शनच्या आधी माळेविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच लागले.

या जंताचे नाव टीनिया सोलियम, लांबलचक चपटा पट्टकृमी. डुकराचे कच्चे-अर्धे शिजलेले मांस जो खातो, त्याच्या आतड्यात हा जंत वाढतो. तो माणूस बहुतेक वेळा ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. त्याच्या विष्ठेतून जंताची अंडी बाहेर पडतात. शौचाहून आल्यावर हात नीट धुतले नाहीत, किंवा मैला शेतात-ओढ्यात गेला, की ती अंडी पाण्यात, कोथिंबिरीवर, मुळ्या-काकडीवर, कापलेल्या कांद्यावर येतात. ती अंडी ज्याच्या पोटात जातात त्याच्या रक्तातून अळी मेंदूपर्यंत पोचते आणि तिथे गाठ धरते. म्हणजे मांस खातो एक आणि फीट येते दुसऱ्याला. आयुष्यात अंडेसुद्धा न खाल्लेल्या किती तरी माणसांच्या मेंदूत मी या गाठी पाहिल्या आहेत. आबांची माळ मोडलेली नाही. हे त्यांना आजच वाचून दाखवा, जमल्यास घरातल्या चार माणसांसमोर.

आता कागदांकडे येतो. मी बावीस वर्षे आर्मी मेडिकल कोअरमध्ये होतो, मेडिकल बोर्डांवर बसलो, आणि निवृत्तीनंतर सातारा-सांगलीकडच्या माजी सैनिकांचे कागद बघून देतो. तुम्ही बोर्डाच्या कागदाचे जे फोटो पाठवलेत त्यातल्या एका ओळीवर सगळे अडले आहे. 'डिसॅबिलिटी' या रकान्यात लिहिले आहे: 'सीझर डिसऑर्डर', म्हणजे फिटांचा विकार. फक्त एवढेच. त्यापुढे 'ॲट्रिब्युटेबल टु सर्व्हिस' (सेवेमुळे झालेला) यासमोर 'नाही', 'ॲग्रॅव्हेटेड बाय सर्व्हिस' (सेवेमुळे वाढलेला) यासमोरही 'नाही', आणि कारण म्हणून अर्धी ओळ: आजाराची सुरुवात पीस स्टेशनला, सेवेशी थेट संबंध नाही. २००९ मधल्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज स्लिपवर मात्र स्वच्छ 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस', म्हणजे या जंताच्या अळीची मेंदूतली गाठ, असे लिहिलेले आहे. सात वर्षांत कधी तरी, एका रिव्ह्यूच्या कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना, रोगाचे नाव गळले आणि लक्षण तेवढे उरले.

फीट हे लक्षण आहे. खोकल्याला आपण रोग म्हणत नाही, मागे न्यूमोनिया आहे की टीबी ते विचारतो, तसेच हे. पण कागदावर नुसते 'सीझर' आले की बोर्ड अपस्माराच्या खात्यात जाते, आणि अपस्मार म्हटले की जन्मजात प्रवृत्ती, घरातला दोष, नोकरीशी संबंध नाही, हे उत्तर ठरल्यासारखे येते. मी बोर्डावर असताना अशा ओळी मीही लिहिल्या आहेत. दिवसाला कित्येक फाइली असत, मागच्या कागदावरचे निदान पुढच्यावर चढवले जाई. ती अर्धी ओळ पुढे माणसाच्या घरात किती वर्षे राहते, ते मला निवृत्तीनंतर कळले.

आबा २०१६ मध्ये निवृत्त झाले, म्हणून त्यांना २००८ चे एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे अशा पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम, लागतात. त्यातल्या दहाव्या नियमात रोगांबद्दलचा जो भाग आहे तो तुमच्या अर्जाचा कणा धरा. तो नियम सांगतो की सेवेत असताना झालेल्या संसर्गातून आलेला रोग, लैंगिक संबंधातून आलेला नसेल तर, सेवेमुळे झालेला धरायचा. रोग भरतीपूर्वी किंवा रजेवर लागला असण्याची शक्यता असेल, तर त्याचा सुप्त काळ, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा काळ, विचारात घ्यायचा. 'सीझर'ला हा नियम लागत नाही. 'न्यूरोसिस्टिसर्कोसिस'ला लागतो, कारण तो परजीवीचा संसर्ग आहे. रोगाचे खरे नाव कागदावर परत आणणे हे म्हणूनच तुमचे पहिले काम.

सुप्त काळाबद्दल सरकारी बाजू हमखास विचारेल: हा जंत गावाकडे, रजेवर लागला नसेल कशावरून? याचे उत्तर शांतपणे, आकड्यांनी द्या. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा. सगळी रजा मिळाली असे धरले तरी वर्षातले नऊ महिने तो पलटणीच्या लंगरमध्ये जेवतो, पलटणीचे पाणी पितो. पोस्टवर असेल तर नाल्याचे, टँकरचे, जे मिळेल ते. आबांना पहिली फीट भरतीनंतर १७ वर्षांनी आली. या रोगात संसर्ग आणि पहिली फीट यांच्यात काही महिन्यांपासून कित्येक वर्षांपर्यंत अंतर असते. १७ वर्षे उलटल्यावर भरतीपूर्वीच्या संसर्गाला बोट दाखवणे वैद्यकीयदृष्ट्या फार ओढूनताणून होते.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण तो अर्जातही घालता येतो. सैनिक आणि हा जंत यांचा संबंध लष्करी डॉक्टरांनीच जगाला दाखवला आहे. १९३० च्या दशकात विल्यम मॅकआर्थर या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांच्या लक्षात आले की हिंदुस्थानात नोकरी करून इंग्लंडला परतलेल्या धडधाकट शिपायांना अचानक फिटा येऊ लागतात, आणि त्यातल्या अनेकांना आधी वेडसर किंवा सोंगाडे ठरवून टाकलेले असते. क्ष-किरणात त्यांच्या मांडीच्या स्नायूंत तांदळाच्या दाण्यासारखे चुन्याचे ठिपके, म्हणजे मेलेल्या, चुना झालेल्या गाठी, दिसल्या, आणि मग कोडे उलगडले. १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा अभ्यास इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक हिंदुस्थानात राहिलेले ब्रिटिश सैनिकच होते, आणि कित्येकांना मायदेशी परतल्यावर वर्षांनी पहिली फीट आली होती. नव्वद वर्षांपूर्वी जो संबंध लष्करी वैद्यकाने मान्य केला, तो आज आपल्याच हवालदाराच्या कागदावर 'थेट संबंध नाही' म्हणून नाकारला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पीस स्टेशनचा मुद्दाही याच अंतरामुळे कोसळतो. फीट पीस स्टेशनला आली, जंत तिथे शिरला असे कोणीच म्हणू शकत नाही. पलटण मणिपूरहून येऊन चारच महिने झाले होते. शिवाय पीस स्टेशनला सुरुवात झाली एवढ्यावर पेन्शन नाकारता येत नाही, बोर्डाने कारणे द्यायला हवीत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एका मधुमेहाच्या प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे.

आणि सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल या विषयात सगळ्यात जास्त वापरला जातो, तो नेमका फिटांचाच आहे. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, जुलै २०१३. सिग्नल कोअरमध्ये १९८५ ला भरती झालेल्या या जवानाला १९९४ मध्ये फिटांमुळे घरी पाठवले, २० टक्के अपंगत्व लिहिले आणि संबंध नाही म्हणून पेन्शन नाकारले. न्यायालयाने सांगितले ते साध्या शब्दांत असे: भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत काही दोष नोंदला नसेल तर माणूस निरोगी होता असेच धरायचे, पुढे प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे धरायचे, आणि तसे नसेल तर ते दाखवण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. संशयाचा फायदा जवानाला. तो निकाल १९८२ च्या नियमांवर आहे आणि २००८ च्या नियमांची भाषा वेगळी आहे, हा आक्षेप सरकारी वकील घेतात. म्हणून एकट्या धरमवीर सिंगवर भिस्त ठेवू नका. संसर्गाचा नियम आधी, निकाल त्याच्या जोडीला.

२००८ च्या नियमांत एक गोष्ट मात्र तुमच्या डोळ्यांसमोर सतत हवी. पुराव्याचा भार जवानावर नाही, हे त्या नियमांतही आहे, पण निवृत्तीनंतर १५ वर्षे उलटून गेल्यावर दावा केला तर तो भार दावेदारावर येतो. आबांची १५ वर्षे २०३१ मध्ये भरतात. त्याच्या आत अर्ज गेलाच पाहिजे, आणि खरे तर या महिन्यातच.

आता पैशांचे. अपंगत्वाचा भाग १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पेन्शनपात्र वेतनाच्या ३० टक्के असतो, आणि अपंगत्व कमी असेल तसा त्या प्रमाणात उतरतो. समजा ते वेतन ४०,००० रुपये होते. २० टक्के अपंगत्वाला महिना २,४०० रुपये येतात. पण २० टक्के आयुष्यभर असे मान्य झाले की ते ५० टक्क्यांना पूर्णांकित करून मागता येतात, म्हणजे महिना ६,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही हे पूर्णांकन लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये ठरवले. अर्जाच्या मागणीत पूर्णांकनाचा उल्लेख स्वतंत्र ओळीत करा. तो केला नाही म्हणून २० टक्क्यांवरच थांबलेली, आणि मग पुन्हा दारात उभी राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. हे सगळे आजच्या सेवा पेन्शनच्या वर मिळते, त्यातून काही कापले जात नाही.

अपील करायची सहा महिन्यांची मुदत गेली म्हणून दार बंद झालेले नाही. पेन्शन दर महिन्याला देय असते, त्यामुळे ते न मिळणे हा चालू राहणारा अन्याय आहे, हे २००८ च्या तरसेम सिंग निकालाने मान्य केले. उशिराची किंमत थकबाकीत मोजावी लागते. ती सहसा दाव्याच्या मागच्या तीन वर्षांपुरती धरली जाते. म्हणजे तुम्ही जितके थांबाल तितके मागचे महिने हातातून जातात.

पहिली पायरी रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज. आबांचा आर्मी नंबर, पद, नाव, निवृत्तीची तारीख घालून हे मागा: भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा कागद, निवृत्तीच्या बोर्डाचा पूर्ण फॉर्म म्हणजे एएफएमएसएफ-१६, मधल्या प्रत्येक कॅटेगरी बोर्डाचे (वैद्यकीय श्रेणी ठरवणाऱ्या बोर्डाचे) एएफएमएसएफ-१५, २००९ मधल्या रुग्णालयाची केसशीट आणि एमआरआयचा रिपोर्ट, आणि पोस्टिंगची यादी. बोर्डाच्या फॉर्ममध्ये कमांडिंग ऑफिसरने सेवेच्या परिस्थितीबद्दल भरलेला भाग असतो, ते पान गाळून देतात कधी कधी. पाने मोजून घ्या. जुने कागद मुदतीनंतर नष्ट होतात, म्हणून हा अर्ज वकील शोधण्याच्याही आधी टाका. कोणी क्लार्क इंजुरी रिपोर्ट किंवा कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे (लष्करी चौकशीचे) कागद मागेल. ते जखमेसाठी असते. रोगासाठी लागत नाही, असे नम्रपणे लिहून द्या.

कागद आले की पहिले अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत करा, उशीर माफ करण्याची विनंती त्यातच जोडा. अपील लांब नको, दोन पाने पुरेत. भरतीला निरोगी, १७ वर्षांनी फीट, रुग्णालयाचे निदान परजीवी संसर्गाचे, बोर्डाने निदान अर्धे लिहिले, दहावा नियम, मणिपूर, मागणी. मुलाने लिहिलेल्या अपिलात वडिलांनी देशासाठी काय काय केले याची चार पाने असतात. ते सगळे खरे असते, पण वाचणाऱ्या डॉक्टरला निदानाची ओळ सापडत नाही. अपील फेटाळले गेले, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जा. महाराष्ट्र, गोवा, गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. सातारच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जाच्या नमुन्यांसाठी मदत होते. थकबाकीतला हिस्सा मागणाऱ्या दलालाच्या नादी लागू नका.

एक कागद बाहेरूनही घ्यावा लागेल: आजच्या न्यूरॉलॉजिस्टचे पत्र. त्यात एवढेच हवे की जुन्या एमआरआयमध्ये गाठीच्या कड्यात जंताचे डोके दिसते, आज त्याच जागी चुन्याचा ठिपका आहे, आणि आजच्या फिटा त्याच ठिपक्यामुळे आहेत. जुन्या फिल्ममध्ये ते कसे दिसते सांगतो, म्हणजे तुम्हालाही कळेल. खिडकीच्या उजेडात फिल्म धरा. मेंदूच्या राखाडी आकारात वाटाण्याएवढी एक गोल कडी दिसेल आणि कडीच्या आत, थोडा कडेला, एक ठिपका. तो ठिपका म्हणजे जंताचे डोके. ते दिसले की निदानाबद्दल वाद जवळजवळ संपतो. आबांच्या डिस्चार्ज स्लिपवर नेमका तसा उल्लेख आहे, म्हणून मी एवढ्या खात्रीने लिहितो आहे.

हे उत्तर वाचणाऱ्या इतर माजी सैनिकांसाठी थोडे. २००८ च्या आधी निवृत्त झालेल्यांना १९८२ चे नियम लागतात, आणि त्यांच्या जोडपत्रात खाण्यापिण्याच्या सक्तीमुळे होणाऱ्या रोगांत जंतसंसर्ग सरळ नावाने लिहिलेला आहे, नारू आणि गोल जंत यांच्या खास उल्लेखासह. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत, त्यांनी माझ्या वरच्या नियमांचे आकडे जसेच्या तसे वापरू नयेत. ज्यांना नोकरीत काहीच त्रास नव्हता आणि निवृत्तीनंतर पहिली फीट आली, त्यांनीही लगेच हात टेकू नयेत. २००८ च्या नियमांत निवृत्तीनंतर सात वर्षांच्या आत उद्भवलेल्या रोगाचा दावा करता येतो. त्याची सुरुवात सेवेतल्या परिस्थितीत झाली होती हे वैद्यकीयदृष्ट्या दाखवावे लागते. इतकी वर्षे लपून राहणाऱ्या जंताला तर ही तरतूद अगदी फिट बसते.

दुसऱ्या परजीवी रोगांचेही लोक विचारतात. ईशान्येकडचा किंवा काँगो, दक्षिण सुदानमधल्या शांतिसेनेतला मलेरिया, आमांशाच्या जंतूमुळे यकृतात झालेला फोड, हत्तीरोग, यकृतातली हायडॅटिड गाठ (दुसऱ्या एका पट्टकृमीची पाण्याने भरलेली गाठ). तिथे हे लक्षात घ्या की रोग होऊन पूर्ण बरा झाला तर निवृत्तीच्या वेळी टक्केवारी शून्य येते आणि पेन्शन मिळत नाही. पूर्ण नोकरी करून निवृत्त होणाऱ्याला किमान २० टक्के लागतात. मलेरिया डोक्यात जाऊन हात लुळा राहिला, हत्तीरोगाने पाय सुजलेलाच राहिला, तर दावा उभा राहतो. यकृताचा फोड सुईने काढून माणूस पुन्हा पलटणीत धावू लागला असेल, तर मी त्याला खर्चात पडू नका असेच सांगतो.

शेवटी आबांच्या प्रकृतीचे. पत्रात ओझरते लिहिले आहे की दोन वर्षे फीट नाही म्हणून ते मधूनमधून गोळी चुकवतात. असे अजिबात करू देऊ नका. चुन्याचा ठिपका मेंदूत राहतो, त्याच्याभोवती कधीही सूज येऊ शकते, आणि विहिरीवर किंवा मोटरसायकलवर आलेली एक फीट पुरते. गोळ्या ईसीएचएसमधून (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून) मिळतात, त्या संपायच्या आठवडाभर आधी जा. कोणी मेडिकलवाल्याने जंताचे औषध पुन्हा द्यायला सांगितले तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका. मेलेल्या, चुना झालेल्या गाठीवर त्याचा उपयोग नसतो, आणि दुसरीकडे जिवंत गाठ असेल, विशेषतः डोळ्यात, तर अपाय होऊ शकतो.

२००९ ची मूळ फिल्म घरीच आहे असे तुम्ही लिहिले आहे. ती घडी घालू नका, पत्र्याच्या पेटीत इतर कागदांखाली दाबू नका. पुठ्ठ्याच्या पाकिटात सपाट ठेवा, आणि उजेडाच्या दिवशी खिडकीशी धरून मोबाइलवर तिचा स्वच्छ फोटो काढून मला पाठवा. सोबत डिस्चार्ज स्लिपच्या दोन्ही बाजू.